रील चालली, पण काजू मागवायचा कुठून?

नमस्कार,

'छोट्या ब्रँडने रील्स कमी कराव्यात आणि मेसेजना उत्तरं जास्त द्यावीत' या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. म्हापशात तुमचा काजूचा धंदा आहे. तुमचं म्हणणं असं, की पर्यटक इन्स्टाग्राम बघूनच दुकानात येतो, व्हॉट्सॲपवर नात्यागोत्यात पाकिटं खपवून ब्रँड उभा राहत नाही आणि 'फॉलोअरच्या मागे लागू नका' हा सल्ला ज्याला दुकानाचं भाडं भरायचं नसतं त्यालाच सुचतो. शेवटचा टोला जोरदार होता, मान्य. मत मात्र बदललेलं नाही.

पर्यटक इन्स्टाग्राम बघून येतो हे खरंच आहे. हणजुण-वागातोरचं कॅफे, आश्वेचा होमस्टे, किनाऱ्यावरचा शॅक, यांना रीलशिवाय गत्यंतर नाही, कारण तिथे जागाच विकायची असते आणि बघणारा पुढच्या शनिवारी गोव्यात उतरणार असतो. काजूचं गणित वेगळं. परतायच्या आदल्या संध्याकाळी, गाडी लावायला जागा मिळेल तिथल्या दुकानात शिरून माणूस काजू घेतो. त्या क्षणी त्याला कुणाचीच रील आठवत नाही.

तुमचा खरा ग्राहक त्यानंतर तयार होतो. तो पुण्याला नाहीतर बेळगावला घरी पोचतो, पाकीट फुटतं, आठ-दहा दिवसांत फस्त होतं आणि घरातलं कुणीतरी विचारतं, 'ते सालासकट भाजलेले होते, ते परत मिळतील का?' पाकीट तोवर केरात गेलेलं. नाव कुणाच्या लक्षात नाही. 'गोवा काजू' म्हणून शोधलं तर पानभर दुकानं येतात, त्यातलं आपलं कुठलं? ज्याने एकदा खाल्लंय त्याला दुसऱ्यांदा तुम्ही सापडायला हवं. छोट्या ब्रँडच्या सोशल मीडियाचं मला वाटतं हेच मुख्य काम आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात दुर्लक्षित आहे.

मध्यंतरी एका काजूवाल्यांची रील खूप फिरली. नाव घेत नाही. भट्टी, धूर, टरफलाच्या तेलाने काळी पडलेली बोटं, मागे घुमट वाजतोय. बघत राहावं अशी. खालच्या प्रतिक्रिया मात्र जरूर वाचाव्यात. 'किलोला कितीला?' 'प्राइस प्लीज.' 'पुण्यात पाठवता?' उत्तर काय, तर 'डीएम केलाय', म्हणजे खाजगीत मेसेज टाकलाय. बऱ्याच ठिकाणी तेही नाही, नुसते जोडलेले हात. पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नमस्कार करून परत पाठवण्याचा हा प्रकार. भाव उघड लिहिला की शेजारी दहा रुपये कमी लावतो, असं कारण मला नेहमी ऐकवलं जातं. अहो, शेजाऱ्याला तुमचा भाव कधीपासूनच ठाऊक आहे. पोरगा पाठवून विचारून घेतो तो.

आता तुमच्या फॉलोअरकडे येतो. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि लाखालाखांचे फॉलोअर असलेली खाती या देशात एकदम निरुपयोगी झाली. त्याआधी, जानेवारी 2018 मध्ये, फेसबुकने फीडमध्ये, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेत, मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना झुकतं माप द्यायचं जाहीर केलं आणि पेजवाले ओरडत बसले. उद्या इन्स्टाग्राम काय करील ते तुमच्या-माझ्या हातात नाही. ग्राहकाचा नंबर मात्र तुमच्या फोनमध्ये राहतो.

म्हणून व्हॉट्सॲप. तुम्ही त्याला 'मामा-मावशींचं मार्केटिंग' म्हणालात, पण व्हॉट्सॲप बिझनेस नावाचं वेगळं ॲप जानेवारी 2018 पासून आहे. त्यात भावासकट कॅटलॉग लावता येतो, ऑर्डर आणि बाकी पैसे यांची लेबलं लावता येतात. एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायच्या, एका यादीत 256 नंबर बसतात, पण तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. तुम्ही त्याचा नंबर उतरवून घेतलात एवढ्याने काही होत नाही. त्यामुळे खरी मेहनत गल्ल्यावर आहे. बिल देताना 'आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, नवा माल आला की कळवतो' म्हणायचं आणि ते सेव्ह करेपर्यंत पाकीट जरा हातातच ठेवायचं. मग हंगामाला एक मेसेज, चवथीला एक, दिवाळीला एक. सुप्रभात आणि गुलाबाची फुलं पाठवलीत तर चौथ्या दिवशी ब्लॉक व्हाल, आणि ते योग्यच होईल.

रील करूच नका असं मी म्हटलेलं नाही. काय दाखवता हा प्रश्न आहे. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे माल त्याच प्रदेशातला असल्याची अधिकृत ओळख, मिळालं. त्याची गरज पडली, कारण 'गोव्याचा काजू' म्हणून जे विकलं जातं ते सगळं गोव्याचं नसतं. गिऱ्हाइकालाही ही शंका असतेच. मग तिचंच निरसन करा. डब्ल्यू-180 आणि डब्ल्यू-320 या काजूच्या प्रतींत फरक काय, हे गोव्यात काजू घेणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. आकडा म्हणजे एका पाऊंडात साधारण किती अख्खे गर बसतात तो. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. दोन्ही तराजूवर शेजारी शेजारी ठेवा, बी कुठल्या गावची तेवढं सांगा, झाली तुमची रील. मराठीत बोला, कोंकणीत बोला, जमेल तसं बोला. समुद्रकिनारा आणि नारळाचं झाड नको, ते सगळ्यांकडे आहे. मानांकनाचं चिन्ह मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्याशिवाय पोस्टरवर टाकू नका.

इन्फ्लुएन्सरबद्दल तुम्ही विचारलंय. पैसे देऊन किंवा फुकट माल देऊन पोस्ट करून घेतली, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी 2023 मध्ये आली आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत असं, की तेवढ्या पैशात एखादा मुलगा अर्धवेळ ठेवून मेसेजना तासाभरात उत्तरं द्यायला लावणं परवडतं. पोस्ट 'बूस्ट' करणार असाल, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवणार असाल, तर उद्दिष्ट विचारतात तिथे 'जास्त मेसेज' निवडा. नाहीतर पैसे जातात आणि हाती फक्त प्रोफाइल उघडून बघणाऱ्यांचा आकडा लागतो.

ही प्रतिक्रिया आल्यावर तुमचं पेज पाहिलं. छायाचित्रं खरोखर सुरेख आहेत. पण नावाच्या जागी जे काव्यमय नाव आहे, त्यात ना 'काजू' आहे ना 'म्हापसा', आणि इन्स्टाग्रामवर शोधताना ती नावाची ओळही बघितली जाते. दोन्ही शब्द आजच तिथे घाला. आणि सालासकट भाजलेला डब्ल्यू-240 फोंड्याला कुरिअरने पाठवता का, किलोला किती पडतो? मला एक किलो हवाय. तुमच्या पेजवर बराच वेळ शोधलं, भाव काही सापडला नाही.