धावायचं की फेकायचं?

दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा, नळी आणि स्वतःची चार बोटं एवढा ऐवज घातला आणि विचारलं, "मग? नवा कोच कसा पाहिजे?"

मी "आँ" म्हणालो.

"अगदी माझ्या मनातलं बोललात," ते म्हणाले. "धावणारा पाहिजे." आणि खूश होऊन त्यांनी ड्रिल सुरू केलं.

ही २०२२ च्या सप्टेंबरातली गोष्ट. गाव लिंकन, राज्य नेब्रास्का. इथे मका आहे, गुरं आहेत, आणि विद्यापीठाची फुटबॉल टीम आहे. व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ राज्यात एकही नाही, त्यामुळे सगळ्यांचा सगळा जीव या कॉलेजच्या पोरांत. टीमचं नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे कणसं सोलणारे. त्याआधी बगईटर्स असं नाव होतं, म्हणजे किडे खाणारे. किड्यांवरून कणसांवर आले ही प्रगतीच म्हणायची. मॅचच्या शनिवारी स्टेडियममध्ये इतकी माणसं भरतात की ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातलं तिसरं मोठं शहर म्हणजे ते स्टेडियमच. १९६२ पासून एकाही मॅचची तिकिटं उरलेली नाहीत, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं.

मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटल्यावर मला वाटलं, हे तर घरचंच काम. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ हे शाहू स्टेडियमवर बसून बघितलेला माणूस मी. पण इथल्या फुटबॉलमध्ये चेंडूला मुद्दाम पाय लावणारे एक-दोन गडी, आणि तेही बराचसा वेळ बाकावर. बाकीचे हातात घेऊन पळतात नाहीतर लांब फेकतात. चेंडूसुद्धा गोल नाही. पहिल्या वर्षी मी हे सगळं समजून घ्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वर्षी ऑफिसातल्या एका भल्या माणसाने मला गुरुमंत्र दिला. कोणीही काहीही विचारलं तरी मान हलवायची आणि म्हणायचं, "सगळं ऑफेन्सिव्ह लाइनवर आहे."

ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे पुढच्या फळीतले पाच दांडगे गडी. त्यांना चेंडू घेऊन पळायला मिळत नाही, त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत, आणि टीम हरली की खोट मात्र त्यांच्यात असते. त्यामुळे या वाक्याशी वाद घालणारा माणूस मला भेटला नाही. न्हाव्याकडे चाललं, पालकसभेत चाललं. एकदा एका अंत्यविधीला सुद्धा चाललं; गेलेल्या गृहस्थांच्या भावाने माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. या एका वाक्यावर मी लिंकनमध्ये पाच वर्षं काढली.

मग ११ सप्टेंबरला स्कॉट फ्रॉस्टला काढलं.

फ्रॉस्ट म्हणजे घरचं पोर. याच राज्यात वाढलेला, १९९७ च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा गडी, पुढे कोच होऊन फ्लोरिडात एका संघाला २०१७ साली १३ पैकी १३ सामने जिंकून दिलेला. २०१८ ला तो परत आला तेव्हा गावात दिवाळी. नंतर १६ जिंकले, ३१ हरले. त्यातही एका गोलाच्या, म्हणजे आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत ५ विजय आणि २२ पराभव. माणूस सपाटून हरला तर झोप लागते. थोडक्यात हरला की नाही लागत. अख्खं राज्य चार वर्षं जागं होतं. शेवटी जॉर्जिया सदर्नने घरी येऊन ४५–४२ हरवलं आणि दुसऱ्या दिवशी नारळ. करार मोडल्याची भरपाई दीड कोटी डॉलर. आणखी वीस दिवस थांबून एक ऑक्टोबर उजाडू दिला असता तर निम्म्यात भागलं असतं.

तेव्हा माझी आई आमच्याकडे आली होती. तिला मी हा हिशेब रुपयांत करून सांगितला: साधारण एकशेवीस कोटी. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "चार वर्सं सोसलं, आन् ईस दिवस कळ काढवंना व्हय रं?"

आता शेजारी. आमच्या उजव्या हाताला राहतात ते धावते काका आणि डाव्या हाताला फेकते काका. नावं मी ठेवली आहेत, त्यांना माहीत नाहीत. धावते काका सत्तरीचे, त्यांचं म्हणणं चेंडू हातात घेऊन पळायचं, बाकी सगळी थेरं. फेकते काका पन्नाशीचे, त्यांचं म्हणणं चेंडू हवेत गेला पाहिजे. ते फेकतात दोन्ही अर्थांनी. कॉलेजात असताना आपण साठ यार्ड फेकायचो असं ते सांगतात, आणि दर हिवाळ्यात त्यात पाच यार्डांची भर पडते. दोघांच्या मधोमध माझं अंगण आणि दोन्हीकडे छातीएवढी कुंपणं. म्हणजे वाद त्यांचा, पण रस्ता माझ्या हिरवळीवरून.

धावत्या काकांचं दैवत टॉम ऑसबर्न. १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं कोच, २५५ विजय, तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं, आणि नऊपेक्षा कमी सामने जिंकलेलं एकही वर्ष नाही. (हेच ऑसबर्न नंतर खासदार झाले, पण २००६ ला गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा स्वतःच्याच पक्षातली उमेदवारी हरले. देव देव्हाऱ्यातच बरा, असं लोकांना वाटलं असावं.) त्यांचं अस्त्र होतं ऑप्शन. ते काकांनी मला लॉन मोअर बंद करायला लावून समजावलं. समोरच्या संघाचा एक गडी मुद्दाम मोकळा सोडायचा. क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन त्याच्याच दिशेने पळायचं. तो अंगावर आला तर चेंडू बाजूच्या साथीदाराकडे टाकायचा, साथीदाराकडे वळला तर आपणच घेऊन सुटायचं.

मला हे लगेच कळलं. महिनाअखेरीला समोरून वाणी येताना दिसला की आमचे एक मामा हेच करायचे. वाणी ज्या फुटपाथवर, त्याच्या विरुद्ध फुटपाथवर मामा; आणि अगदीच अंगावर आला तर, "हा बघा, भाचा देतो," म्हणून मला पुढे. मला हे बारा वर्षांचा असल्यापासून येत होतं, फक्त त्याला ऑप्शन म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

फेकते काका म्हणतात, हे सगळं ठीक, पण जग पुढे गेलं. शेजारच्या आयोवा राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात हॅल मम्मी आणि माइक लीच या दोघांनी १९८९ नंतर एअर रेड नावाची चढाई घडवली: गडी मैदानभर पसरवायचे आणि फेक, फेक, फेक. ती सगळीकडे पोचली, फक्त आपल्याकडे नाही. यावर धावते काका २००४ काढतात. त्याच्या आदल्या वर्षी दहापैकी नऊ... नाही, चुकलो, बारापैकी नऊ सामने जिंकणाऱ्या फ्रँक सोलिचला काढलं, बिल कॅलहानला आणलं, त्याने धावणं सोडून वेस्ट कोस्ट पद्धतीचं फेकणं आणलं आणि १९६१ नंतर पहिल्यांदा टीम जिंकण्यापेक्षा जास्त हरली. (बारापैकी नऊ. हा आकडा माझा चुकला तेव्हा काकांनी मला परत म्हणायला लावला होता, म्हणून इथेही तसाच ठेवला आहे.)

आणि मग १९८४ निघतं. २ जानेवारी, ऑरेंज बोल नावाचा हंगामाअखेरचा मोठा सामना, समोर मायामी. शेवटच्या मिनिटाला नेब्रास्काने गोल केला, तरी मायामी ३१–३० ने पुढे. एका गुणाची साधी किक मारून बरोबरी साधली असती तर राष्ट्रीय अजिंक्यपद बहुधा पदरात होतं. ऑसबर्न म्हणाले, बरोबरी नको, जिंकायचं. दोन गुणांसाठी गेले, चेंडू फेकला, मायामीच्या गड्याचा हात लागला, संपलं.

"फेकला!" धावते काका म्हणतात. "आयुष्यभर धावला आणि त्या दिवशी फेकला!"

"फेकायची सवय असती तर झेलला असता," डावीकडून उत्तर येतं.

हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की मध्ये श्वास कुठे घेतात तेही मला पाठ आहे.

नोव्हेंबरात नवा कोच म्हणून मॅट रूलचं नाव यायला लागलं आणि वादाला नवं सरपण मिळालं. रूलची गंमत अशी की त्याच्याकडे दोघांनाही पुरेल एवढा पुरावा होता. टेंपल विद्यापीठात पहिल्या वर्षी २ विजय, १० पराभव. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दहा-दहा विजय, तेही फुलबॅक वापरून. फुलबॅक म्हणजे डोकं खाली घालून पुढच्याला धडकणारा गडी. ही जात आता दुर्मिळ. फुलबॅक हा शब्द उच्चारताना धावत्या काकांचा आवाज कापरा होतो. मग बेलर विद्यापीठ: पहिल्या वर्षी १–११, तिसऱ्या वर्षी ११–३, पण तिथे गडी पसरलेले आणि चेंडू हवेत. मग व्यावसायिक लीगमध्ये कॅरोलायना: ११–२७ आणि ऑक्टोबरात हकालपट्टी. हा शेवटचा भाग दोघेही एकमेकांवर ढकलत. हरला तेव्हा तो फेकणारा होता की धावणारा, हे अजून ठरायचं आहे.

एका संध्याकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो आणि सापडलो. उजवीकडून धावते, डावीकडून फेकते.

"तूच सांग," धावते काका म्हणाले. "क्वार्टरबॅक अंडर सेंटर की शॉटगन?" म्हणजे चेंडू अगदी पुढच्याच्या पाठीला चिकटून घ्यायचा की पाच यार्ड मागे उभं राहून.

मी मान हलवली. "सगळं ऑफेन्सिव्ह लाइनवर आहे."

"ते आहेच," फेकते काका म्हणाले. "पुढे?"

पाच वर्षांत कोणी "पुढे?" विचारलं नव्हतं. हातातला डबा जड झाला. मी मामांना स्मरून म्हणालो, "समोरचा काय करतो ते बघून ठरवावं."

"ऑप्शन!" धावते काका ओरडले. "पोराला कळलं!"

"रन-पास ऑप्शन!" फेकते काका ओरडले. "बघून, मग फेकायचा! हेच मी म्हणतोय!"

आणि मी नेमकं काय म्हणालो यावर दोघांचं जे जुंपलं, त्यात मी कुठेच नव्हतो. डबा ठेवून घरात आलो. आईने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. तिने विचारलं, "बांध कोरला का कुणी?"

२६ नोव्हेंबरला रूलची नेमणूक जाहीर झाली: आठ वर्षं, सात कोटी चाळीस लाख डॉलर. आदल्या दिवशी आयोवाला २४–१७ हरवलेलं, त्यामुळे गल्ली तशीच पाघळलेली होती. धावत्या काकूंनी सगळ्यांना बोलावलं आणि या राज्याचं जे खास जेवण आहे ते केलं: झणझणीत म्हणावी अशी राजमा-खिम्याची चिली, आणि तिच्याबरोबर साखरेचा गोड सिनॅमन रोल. शाळेच्या जेवणात मिळणारी जोडी, बाहेरच्यांना बघूनच शहारे येतात. मी इतकी वर्षं टाळत आलो होतो. आईसाठी त्यांनी मांसाशिवायची वेगळी काढली होती. आईने रोल मोडला, चिलीत बुडवला, खाल्ला, आणि मला म्हणाली, "कटाची आमटी आन् पुरणपोळी की रं ही." मग दुसरा घेतला. हे मी भाषांतर करून सांगितल्यावर दोन्ही काका त्या रात्री पहिल्यांदा एका विषयावर एकमत झाले. आईला कोच करावं असं त्यांचं म्हणणं होतं.

रूलचं पहिलं वर्ष ५–७ गेलं. धावते काका म्हणाले, त्याचं पहिलं वर्ष नेहमीच असं, धीर धरा. दुसऱ्या वर्षी, २०२४ च्या नोव्हेंबरात, चढाईची सूत्रं दिली डेना हॉलगर्सनकडे. हॉलगर्सन कोण, तर त्याच आयोवातल्या छोट्या कॉलेजात, त्याच मम्मीच्या हाताखाली खेळलेला. एअर रेडच्या मूळ घरातला माणूस. त्या संध्याकाळी फेकते काका माझ्या हिरवळीवरून चालत उजव्या कुंपणापर्यंत गेले आणि काही न बोलता नुसते उभे राहिले. धावते काका पानं गोळा करत होते. ती गोळा झाली होती तरी करत होते.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला. "त्यो वस्ताद हाय का अजून?" तिने विचारलं.

"आहे, पण त्याने चढाईला दुसरा माणूस आणलाय," मी म्हणालो. "आता तू म्हणशील एअर रेड म्हणजे नुसतं फेकणं. तसं नाही ते. गडी इतके पसरवतात की मधे आपोआप मोकळी जागा पडते, मग तिथून धावायचं. म्हणजे बघायला गेलं तर धावते काकाही चूक नाहीत. फक्त तेवढी ऑफेन्सिव्ह लाइन आपल्याकडे आहे का? मी तर म्हणतो १९८४ ला सुद्धा... आई? ऐकतेयस ना?"

पडद्यावर छताचा पंखा दिसत होता. कुठूनतरी कुकरची तिसरी शिट्टी ऐकू आली.