ब्लेझर साडेसहा हजारांचा, खिसा मात्र खोटा

काल रात्री साडेअकराला घरी पोचले. जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं तसंच ठेवलं आणि शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री घेऊन नव्या ब्लेझरचा खिसा उसवायला बसले. दुकानातली मुलगी म्हणाली होती, "मॅम, खिसे आहेत, फक्त वरून टाके घातलेत. शेप राहावा म्हणून. घरी उसवून घ्या." पुरुषांच्या कोटाला खरंच तसे कच्चे टाके असतात, नवऱ्याच्या लग्नातल्या कोटाचे मीच उसवले होते. त्यामुळे मी मोठ्या भक्तिभावानं एकेक टाका कापला, दोरे वेचले, फ्लॅप उचलला आणि बोट आत घातलं. बोट अर्ध्या पेरावर थांबलं. पिशवीच नाही! वर फ्लॅप, खाली पट्टी आणि पट्टीमागे थेट अस्तर. म्हणजे खिसा नव्हताच, आणि आता साडेसहा हजारांच्या ब्लेझरला माझ्याच हातानं पाडलेलं भोक आहे.

दाराला कडीकोयंडा, वर पितळी नाव, आणि दार भिंतीवर रंगवलेलं. असला प्रकार.

एवढं डोकं फिरायला कालचा दिवस कारण. महिन्यातून तीन-चार वेळा कामासाठी विमानानं जावं लागतं. पहाटे चारला उठायचं, सकाळचं विमान, दिवसभर मीटिंगा, रात्री परत. काल बरोबर टीममधला एक मुलगा होता, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. गुणी आहे, त्याच्यावर राग नाही. राग त्याच्या खिशांवर आहे. रांगेत उभ्या उभ्या मी मोजले. पँटला पुढे दोन, मागे दोन. शर्टाला एक. ब्लेझरला बाहेर दोन, वर छातीशी एक, आत दोन, आणि त्या आतल्याच्या खाली पेनासाठी अजून एक चिंचोळा. अकरा! त्या अकरातल्या एकात त्यानं बडीशेपेची पुडी ठेवली होती. म्हणजे लेकाच्याकडे खिसे इतके शिल्लक, की बडीशेपेला स्वतंत्र खोली.

माझ्या अंगावर फॉर्मल पँट, शर्ट, ब्लेझर. कागदोपत्री तोच पोशाख. खिसे किती? पँटला पुढे दोन फटी, ज्यात एक लिपबाम जातो आणि खाली बसलं की बाहेर येतो. बाकी शून्य.

आता विमानतळावरची सुरक्षा तपासणी घ्या. आपल्याकडे बायकांची तपासणी वेगळी, पडद्याआड, बाई जवान करतात. ते तसंच असावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा परिणाम कुणी बघितलाय का? बोर्डिंग पास फोनमध्ये, फोन ट्रेमध्ये, ट्रे मशिनमध्ये, आणि मी पडद्याच्या रांगेत. पुरुषांच्या तीन रांगा, आमची एक. पुरुष चौकटीतून जातो, हात पसरतो, दोनदा कांडी फिरते आणि ट्रे बाहेर यायच्या आत तो पलीकडे उभा असतो. माझ्यापुढे काल एक आजी होत्या. हातभर बांगड्या, कमरेला पट्टा, गुडघ्यात बहुतेक सळी, कारण कांडी तिथेच सारखी कोकलत होती. आजींची घाई कशी करणार? तोवर पलीकडे माझी पर्स, फोन, घड्याळ, लॅपटॉप, असा माझा सगळा संसार बेवारशासारखा रुळांवर पडून. पडद्याआडून काही दिसत नाही. मान लांब केली तर बाई जवान म्हणते, "मॅडम, सीधे खड़े रहिए."

बाहेर आले तर ट्रे पार टोकाला ढकललेला. लॅपटॉप आहे, पर्स आहे, फोन नाही.

त्यानंतरची पाच मिनिटं शत्रूच्याही वाट्याला येऊ नयेत. फोन नाही म्हणजे बोर्डिंग पास नाही, बँकेचा ओटीपी नाही, टॅक्सी नाही, ज्याच्याकडे मीटिंगला जायचं त्याचा नंबर नाही, आणि नवऱ्याचा नंबरही पाठ नाही (ही माझी चूक, कबूल). त्या मुलाच्या फोनवरून रिंग दिली तर फोन सायलेंटवर. शेवटी एक गृहस्थ गेटच्या दिशेनं परत येताना दिसले, दोन्ही हातांत एकेक काळा फोन. "सॉरी हां, माझाच वाटला." साधा माणूस होता बिचारा. सगळे फोन काळे, सगळे ट्रे राखाडी, होतं असं.

मी हुश्श करतेय तोवर आमच्या टीममधले हे चिरंजीव म्हणतात कसे, "ताई, तुम्ही माझ्यासारखं का नाही करत? फोन, पाकीट, घड्याळ सगळं ब्लेझरच्या आतल्या खिशात टाकायचं, ब्लेझर घडी करून ट्रेत ठेवायचा. कुणाला दिसतच नाही."

आतल्या खिशात. बरं, बाळा.

इथे कुणीतरी म्हणणारच की पर्स आहे ना. बायकांच्या पर्समध्ये तर अख्खं घर असतं, हॅ हॅ हॅ. अहो, पर्स ही अंगावर नसते, हातात असते, आणि हातातली वस्तू विमानात दर दहा मिनिटांनी कुणीतरी खाली ठेवायला लावतं. सगळ्यांत पुढची रांग मिळाली की समोर सीटच नसते, मग पर्स वरच्या कप्प्यात. इमर्जन्सी दाराजवळची जागा मिळाली की तिथेही पायाशी काही ठेवायचं नाही, पर्स वरच्या कप्प्यात. वरचा कप्पा किती सुरक्षित? २०२४च्या मे महिन्यात दिल्ली पोलिसांनी एकाला पकडला होता. वर्षभरात दोनशेच्या आसपास विमानप्रवास, आणि धंदा एकच, वरच्या कप्प्यातल्या बॅगांमधून दागिने लांबवायचे. त्यातही नजर म्हाताऱ्या बायकांवर. तिकिटाचे पैसे भरून चोरी करणं त्याला परवडत होतं, यावरून काय ते समजा. तेव्हापासून पर्स वर ठेवली की माझं एक बूड सीटवर आणि एक डोळा कप्प्यावर. शेजारचा माणूस निवांत घोरतोय, कारण त्याचं पाकीट त्याच्या स्वतःच्या बुडाखाली आहे.

विमानाच्या संडासाबद्दल तर बोलायचंच नाही असं ठरवलं होतं, पण आता विषय निघालाच आहे. पर्स घेऊन जावं तर आत ठेवायला धड जागा नाही, आणि जमीन ओली. कशानं ओली हा विचार करायचा नसतो. पर्स सीटवर ठेवून जावं तर दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. मग पर्सचा पट्टा गळ्यात घालून, फोन हनुवटीखाली दाबून, एका हातानं पँट सावरत जे काही करावं लागतं ते सर्कशीत दाखवलं तर लोक पैसे देतील. मागच्या वर्षी फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवला होता. म्हणजे अर्धा आत, अर्धा बाहेर, कारण खिसा तळहाताएवढा. बसताना तो सरकला आणि सीटच्या सांदीत गेला. मी हात घालणार, तेवढ्यात हवाईसुंदरी धावत आली, "मॅम, सीट हलवू नका!" सीटच्या यंत्रात फोन चिरडला तर बॅटरी पेटू शकते, म्हणून. तिचं बरोबरच आहे. पण मग विमान उतरेपर्यंत मी, माझा फोन आणि सत्तर मिनिटं.

हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत असं वाटत असेल तर २०१८ साली 'द पुडिंग' नावाच्या ऑनलाइन नियतकालिकानं चक्क टेप घेऊन मापं काढली होती. अमेरिकेतल्या वीस ब्रँडच्या ऐंशी जीन्स. बायकांच्या जीन्सचा पुढचा खिसा पुरुषांच्या खिशापेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाला, आणि साडेसहा टक्के अरुंद. निम्मा! ही जीन्सची गत, जिला निदान खिसा द्यायची रीत तरी आहे. फॉर्मल पँटचं कुणी मोजायला गेलं तर टेप घालायलाच जागा सापडायची नाही.

बरं, कारण काय देतात? लाइन बिघडते. फोनचं वजन दोनशे ग्रॅम, कापड पातळ, खिसा लोंबतो, पोटाशी फुगा येतो. मग कापड जाड वापरा की! पुरुषांच्या ब्लेझरला आत जो कडकपणा देता तो आमच्याला द्यायला काय धाड भरली? पुरुषाचं पोट सुटलेलं चालतं, वर त्याचे खिसेही फुगलेले चालतात. आमच्या कमरेवर फोनाएवढा चौकोन दिसला की आकाश कोसळतं. मीटिंगमध्ये मी यंत्रांचे सुटे भाग विकायला जाते, बाई. माझी 'लाइन' बघून कुणी ऑर्डर देत नाही.

उपाय सगळे करून झालेत. कपड्यांच्या आत कमरेला बांधायचा चपटा पट्टा मागवला. वस्तू झकास, पण गेटवर ओळखपत्र मागितलं की चारचौघांत शर्ट वर करून पोटात हात घालावा लागतो, मागची रांग दुसरीकडे बघायला लागते. गळ्यात अडकवायची पिशवी घेतली, तर क्लायंटच्या स्वागतकक्षात मला विचारलं, "कुरिअर का?" सासूबाईंची पद्धत ब्लाउजमधलं छोटं पाकीट. त्या जगात कुठेही, कितीही गर्दीत, डोळे मिटून त्यातून बरोबर पन्नासाची नोट काढतात. फॉर्मल शर्टात ते करून बघितलं. करू नका.

उरतो शेवटचा उपाय, आणि तोच मला सगळ्यांत जास्त डाचतो. "जरा माझा फोन ठेवतोस का रे?" पंधरा वर्षं नोकरी केली, टीम माझी, बजेट माझं, सही माझी, आणि ओळखपत्र ठेवायला दुसऱ्याचा खिसा मागायचा. तो 'हो ताई' म्हणून ठेवतो आणि मग कॉफी आणायला जातो, माझं ओळखपत्र त्याच्याबरोबर कॉफी आणायला जातं.

आजीची फार आठवण आली काल. नऊवारी नेसायची. तिच्या कमरेला चंची असायची, दोरीनं गुंडाळायची, आत चार कप्पे. एकात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी, आणि सगळ्यांत आतल्यात घडीची नोट. सुटे पैसे कनवटीला. अडचणीचे पैसे परकराच्या चोरखिशात, जो तिनं स्वतः हातानं शिवलेला. एसटीच्या गर्दीत पंढरपूरला जाऊन यायची, तिच्याकडून आठ आण्यांचं नाणं कधी हरवलं नाही. युरोपातल्या बायकासुद्धा अठराव्या शतकात घागऱ्याखाली कमरेला मोठ्या खिशांची जोडी बांधायच्या, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तशा जोड्या ठेवल्यात. म्हणजे दोन्हीकडच्या आज्यांना जमलेलं होतं. बोटाच्या ठशानं कुलूप उघडतं अशा काळात मी राहते, आणि माझा ब्लेझर आजीच्या परकराच्या मागे आहे.

तर आज दुपारी तो भोक पडलेला ब्लेझर घेऊन आमच्या टेलरकडे गेले. गेली वीस वर्षं माझे ब्लाउज शिवतात. म्हटलं, काका, हे भोक आहे तिथे खराखुरा खिसा, आणि आत डाव्या-उजव्या बाजूला दोन, एकाला चेन. फोन काढून त्यांच्या टेबलावर ठेवला, "हा पूर्ण आत गेला पाहिजे."

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. ब्लेझर उलटापालटा केला. "साहेबांचा आहे का?"

"माझा आहे."

"मग खिसा कशाला? फिटिंग जाईल ताई."

"जाऊ दे."

"वजनानं खांदा उतरेल."

"उतरू दे."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फोन उचलला, खडूनं अस्तरावर त्याच्याभोवती रेघ मारली, एक बोट जास्त धरलं आणि स्वतःशीच म्हणाले, "पुरुषांच्या कोटाची पिशवी बसेल इथे. अस्तर पक्कं घालावं लागेल." माझ्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. शिलाई साडेचारशे सांगितली, मी घासाघीससुद्धा केली नाही.

पुढचं विमान मंगळवारी पहाटेचं आहे. काका म्हणालेत सोमवारी संध्याकाळी या. आणि मला आत्ताच दिसतंय, सोमवारी संध्याकाळी सातला मी दुकानात उभी आहे आणि ते म्हणतायत, "झालंच आहे ताई, फक्त चेन बसवायची राहिलीय."