पाणी नेमके केव्हा मोजायचे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सागरी संरक्षित क्षेत्रातील मत्स्यशेतीवरच्या माझ्या लेखाबद्दल आपण कळवले आहे की, भरती-ओहोटी सगळी घाण वाहून नेत असताना मासे वाढवण्याचे जाळीचे पिंजरे टाकण्यापूर्वी वर्षभर पाणी तपासण्याची अट घालणे म्हणजे मच्छीमारांच्या पोटावर पाय देणे होय. आणि भंडाऱ्याच्या माणसाने समुद्राविषयी हे सांगू नये. दोन्ही आक्षेपांचा मी मनापासून विचार केला.

समुद्राकाठी मी राहिलेलो नाही, हे खरे आहे. परंतु आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, बांधवांच्या संस्थेबरोबर मी काही वर्षे पाणी तपासले आहे. दुपारी त्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे 7-8 मिलिग्रॅम भरतो, आणि त्याच तलावात पहाटे, शेवाळ व पाणवनस्पती रात्रभर तो वापरत राहिल्यामुळे, तो 3 च्याही खाली गेलेला असतो. एका श्रावणात सलग चार दिवस ऊन पडले नाही, तेव्हा रोहू आणि कतला वर तोंड काढून हवा गिळत होते. सकाळपर्यंत काठाला मेलेल्या माशांचा थर लागला. आमच्या वहीतल्या नोंदी मात्र साऱ्या दुपारच्या होत्या.

समुद्रात ही पहाटेची वेळ वेगळ्या रूपाने येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो; अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीला, तो मंदावतो आणि न खाल्लेले खाद्य व विष्ठा पिंजऱ्याखालीच साचते. म्हणून प्रवाह भांगाला मोजला पाहिजे. शिवाय अरुंद खाडीत ओहोटीने नेलेले बरेचसे पाणी पुढच्या भरतीबरोबर परत येते, त्यामुळे 'वाहून जाते' हे आपले म्हणणे प्रत्येक जागेला लागू पडत नाही. पावसाळ्यात खवळलेल्या उघड्या समुद्रात पिंजरे टिकवणे अवघड, म्हणून ते खाडीत आणावेत, तर पुराच्या पाण्याने तिथली क्षारता झपाट्याने उतरते. जिताडा मासा ही घट सोसतो, कोबिया माशाला ती जड जाते. वर्षभराची अट मी घातली ती एवढ्याचसाठी, कारण उन्हाळ्यातल्या चार नमुन्यांत यातले काहीही दिसत नाही.

पाण्याइतकाच तळही तपासावा लागतो. आमच्या तलावात बांधाजवळचा गाळ मुठीत घेतला, तर तो काळा असतो आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायूवाचून सेंद्रिय पदार्थ कुजल्याची ती खूण आहे. मालवणसारख्या, 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालेल्या ठिकाणी तळाशी प्रवाळ आहेत. त्यांना स्वच्छ, उजेड पोहोचणारे पाणी लागते आणि वरून पडणारा गाळ झटकून ते दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. तेथे प्रवाळांपासून अंतर न राखता पिंजऱ्यांना परवानगी देण्यास माझा स्पष्ट विरोध आहे.

पोटावर पाय देण्याविषयी मला इतकेच म्हणायचे आहे की, पाणी बिघडले तर मोकळा मासा निघून जातो, पिंजऱ्यातला मरतो, आणि कर्ज मच्छीमाराच्या नावावर राहते.

मात्र आपल्या रागामागचे एक कारण रास्त आहे. मालवणच्या अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला, तो मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने. अशा लोकांवर तपासणीचा खर्चही टाकणे अन्यायाचे होईल. तो शासनाने करावा, नोंदी मच्छीमार संस्थांच्या सभासदांनीच मानधनावर घ्याव्यात आणि वही त्यांच्याकडेच राहावी, असे मी लेखात लिहायला हवे होते. ते राहून गेले होते; आज तो परिच्छेद जोडला आहे.