ती गोष्ट आमच्या आत्याची आहे

कालपासून फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. आमच्याकडचेच एक नेते, नाव घेत नाही, स्टेजवरून २०१९ च्या पुराची आठवण सांगतायत की मी एका म्हातारीला स्वतःच्या हाताने जेवण दिलं आणि ती माझे हात धरून ढसाढसा रडली. ती म्हातारी म्हणजे आमची आत्या.

तेव्हा सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. गावभागातलं तिचं घर पाण्यात आणि ती शाळेतल्या कॅम्पात अंगावरच्या एका लुगड्यावर चार दिवस. साहेब आले, डबा दिला, फोटो झाला. डबा गरम होता आणि पोटभर जेवले, हे ती आजही मोकळ्या मनाने सांगते. म्हणून सगळे नेते नाटकी असतात असं मी म्हणणार नाही, मदत खरी होती.

पण हा किस्सा मी तीनदा ऐकलाय. पहिल्यांदा नुसता डबा होता, मग तिने हात धरले, आता ती ढसाढसा रडते. साहेब मुद्दाम खोटं बोलतायत असंही मला वाटत नाही, टाळ्या पडतात तिथे आठवण दरवेळी थोडी वाढत जाते, त्यांना आता ते तसंच आठवत असेल. आत्याला व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "मी कवा रडले रं? डोळं कोरडं हुतं माझं, घरात जीव अडकलेला." आणि मोबाईल पालथा ठेवला.

मला सारख्या साताऱ्याच्या लक्ष्मीबाई आठवतायत, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग निघालं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला, आणि घरात दाणा उरला नाही तेव्हा त्या माउलीने गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. १९३० ला त्या गेल्यासुद्धा. आम्हाला ही गोष्ट शाळेत गुरुजींनी सांगितली, सांगताना त्यांचा आवाज बदलायचा, आणि त्या गोष्टीत उपाशी पोरांपैकी एकाचंही नाव नव्हतं, कोण रडलं तेही नव्हतं. फरक मला इथेच दिसतो. दिलं कुणी ते सांगा ना, खुशाल सांगा, ऐकून अजून चारजण द्यायला पुढे येतील, पण घेणाऱ्याची लाज कशाला चव्हाट्यावर मांडायची?

आता कार्यकर्ते आत्याला सत्काराला बोलवायला आलेत. ती नाही म्हणतीय. साहेबांच्या ऑफिसातलं कुणी हे वाचत असेल तर एवढा निरोप द्या, डब्याबद्दल ती अजून आभार मानते, तिचं रडणं तेवढं भाषणातून काढा.