"लग्न लावून द्या, सुधारेल" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. समलैंगिकता हा मानसिक आजार आहे, वेळेत ट्रीटमेंट केली किंवा लग्न लावून दिलं की मुलगा सुधारतो, एड्स यांच्यामुळेच पसरतो, आणि ही मुलं जीव देतात तीही याच आजारापायी, असं सगळं त्यात आहे. हे खरं मानून कुणीतरी आपल्या पोराला उद्या कुठेतरी नेऊन टाकेल, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आजार? जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये हा मनोविकार नाही असं स्पष्ट सांगितलंय.

आता ट्रीटमेंट, आणि खरं नुकसान इथेच होतं. ट्रीटमेंट म्हणजे काय तर शॉक, गुंगीच्या गोळ्या, नाहीतर बाबाकडे नेऊन अंगारा. २०२० मध्ये केरळच्या एका बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असलेल्या) विद्यार्थिनीने फेसबुकवर व्हिडिओ टाकून सांगितलं की घरच्यांनी मला 'बरं' करायला केंद्रात ठेवलं, जबरदस्तीने औषधं दिली, आणि पुढे काही आठवड्यांतच गोव्यात तिचा जीव गेला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, म्हणजे कुणी डॉक्टर "बदलून देतो" म्हणाला तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्याची तक्रार करता येते. आणि लग्नाने सुधारतो म्हणणाऱ्यांनी समोरच्या मुलीचा तरी विचार करा, तिचा काय दोष?

एड्सचा मुद्दा अर्धा खरा आहे म्हणूनच पटकन पटतो. नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, २०२१ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ३ टक्क्यांच्या वर होतं, देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ०.२ च्या आसपास. हे लपवायचं कारण नाही. पण देशातल्या बहुतेक लागणी स्त्री-पुरुष संबंधांतूनच होतात, त्यामुळे "यांच्यामुळेच" हे खोटं. आणि प्रमाण जास्त का आहे ते बघायचं तर तालुक्याच्या गावातला सतरा वर्षांचा मुलगा डोळ्यासमोर आणा. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, टेस्ट फुकट होते, पण केस पेपरच्या खिडकीत वडिलांच्या ओळखीचा माणूस बसलेला, अठराच्या आत म्हणून पालकांची सही हवी, आणि संबंध आल्याचं कळलं तर पॉक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. तो कशाला जाईल तिथे? लागणीची शंका असेल तर ७२ तासांच्या आत औषध सुरू केल्यास एचआयव्ही रोखता येतो, पण ते ७२ तास त्याचे कुणाला सांगू या विचारातच जातात. मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक ट्रस्ट या समलैंगिकांसाठीच्या संस्था वर्षानुवर्षं या कामात आहेत, पण गावातल्या पोराला ही नावं सांगणार कोण.

शेवटचा मुद्दा जीव देण्याचा. यावर जगभर अभ्यास झालेत, आणि त्यात परत परत तेच दिसतं की शाळेतली चिडवाचिडवी, घरातला मार, सतत लपून राहणं यातून डिप्रेशन वाढतं, आणि घरच्यांनी जवळ घेतलं की हा धोका कमी होतो. म्हणजे हा मेसेज पाठवणारे ज्या गोष्टी करायला सांगतात, त्यांनीच पोरं खचतात, राग येतो तो याचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. घरात असं कुणी गप्प गप्प झालेलं दिसलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मुलालाही द्या आणि स्वतःही लावा.