दवाखान्याचा कचरा ‘सगळा जाळून टाका’? अजिबात नको

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: दवाखान्याचा सगळा कचरा रोगट असतो, रंगीत पिशव्या हा निव्वळ देखावा, शेवटी सगळं एकाच गाडीत जातं, त्यापेक्षा एकत्र करून जाळून टाका. लोकांची भीती समजते. पण हा सल्ला घातक आहे.

आधी ‘सगळा रोगट’ची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो. राजारामपुरीतल्या दवाखान्यात पेशंटला भेटायला येणाऱ्यांच्या केळ्यांची सालं, भडंगाचे कागद, औषधांची खोकी त्यातच आली. ती रक्ताळलेल्या बोळ्यांत मिसळली, की सगळाच ढीग संसर्गजन्य धरावा लागतो.

आता जाळण्याचं. बोळे, बँडेज, ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातात, हे खरं. पण त्या भट्टीत पहिल्या कप्प्याला किमान ८०० अंश सेल्सिअस लागतात, आणि निघणारा धूर दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशांच्या आसपास पुन्हा जाळावा लागतो. सलाईनच्या नळ्या, कॅथेटर (शरीरात घालायची नळी) मात्र भट्टीत नाही, लाल पिशवीत जातात. कारण त्या बऱ्याचदा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकच्या असतात आणि पीव्हीसीत क्लोरिन असतं. ते उघड्यावर पेटवलं तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात आणि ती आसपासच्या माणसांच्याच छातीत जातात. लाल पिशवीतलं प्लास्टिक ऑटोक्लेव्ह या बंद यंत्रात दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला देतात.

पिशव्या देखावा वाटतात त्यांनी इंजेक्शन दिल्यावर सिस्टर काय करतात ते बघावं. सुईला टोपण परत लावत नाहीत. नीडल कटरने सुई तोडतात. ती पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत. हिपॅटायटिस बी झालेल्या पेशंटची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. आणि ती टोचते कुणाला? पिशवी उचलणाऱ्या मावशींना.

राहिली गाडी. दवाखान्यांच्या कचऱ्यासाठीच्या २०१६ च्या नियमांनुसार पिशव्यांवर बारकोड लागतो, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि तो पालिकेच्या कचऱ्यात मिसळायला मनाई आहे. कुठे मिसळताना दिसला, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे फोटोसकट तक्रार करा.

घरातल्या इन्सुलिनच्या सुयांबद्दल मात्र मेसेजमध्ये अवाक्षर नाही. त्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, झाकणावर चिकटपट्टी लावा आणि घंटागाडीवाल्या दादांच्या हातात सांगून वेगळ्या द्या.