पीएलसीसाठी वेगळा खड्डा खणू नका, भाऊ

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी एमआयडीसीच्या मेंटेनन्सवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'पीएलसीला नॉईज येतो? अर्थिंगचा वेगळा खड्डा करा. शील्ड नेहमी एकाच टोकाला अर्थ करा. आणि केबल शील्डेड असेल तर कोणत्याही ट्रेमधून न्या.' मला चौघांनी पाठवला. (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोल कॉम्प्युटर, नॉईज म्हणजे सिग्नलमध्ये घुसणारा विजेचा गोंगाट, शील्ड म्हणजे केबलमधल्या वायरींभोवतीचं धातूचं आवरण.)

आधी खड्डा, कारण पैसा तिथेच मुरतो. मे महिन्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात आणि लोक मीठ-कोळसा-पाणी ओतून खड्ड्याचा रेझिस्टन्स एक ओहमवर आणायला बघतात. पण ड्राइव्हमधले (म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणातले) आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, मायक्रोसेकंदाच्या आत चालू-बंद होतात, नॉईज मेगाहर्ट्झमध्ये जातो. वायरचं इंडक्टन्स, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या करंटला अडवायचा गुण, मीटरला साधारण 1 मायक्रोहेन्री. खड्डा पॅनलपासून 20 मीटरवर असेल तर 1 मेगाहर्ट्झला ती वायरच सव्वाशे ओहमची झाली! तुमचा एक ओहम कुठे राहिला? वरून धोका वेगळाच: खड्डा मुख्य अर्थिंगला जोडलेला नसेल, तर जवळ वीज पडल्यावर दोन अर्थिंगमधला फरक पीएलसीच्या कार्डातून वाट काढतो. खड्डा खणायचाच तर खणा, पण मुख्य अर्थिंगच्या बसबारला (जोडपट्टीला) जोडा.

शील्डचं अर्धं खरं. सेन्सरच्या 4-20 मिलीअँपच्या सिग्नलला एकच टोक, बरोबर. दोन्ही जोडली तर शील्डमधून 50 हर्ट्झचा करंट फिरू शकतो. ड्राइव्ह ते मोटर केबलचं मात्र उलट, तिथे शील्ड दोन्ही टोकांना जोडायची. हिंगण्यातल्या एका युनिटमध्ये ड्राइव्ह सुरू झाला की प्रेशरचं 5 बारचं रीडिंग 4.6 ते 5.4 नाचायचं. उघडून पाहिलं, तर मोटरकडे शील्ड कापून टेप मारलेली, पॅनलकडे तिची वेणी वळून पुढे हातभर हिरवी वायर. प्लेटचा रंग खरवडला, शील्ड गोल क्लॅम्पखाली सगळीकडून दाबली, मोटरकडेही तसंच. रीडिंगचं नाचणं थांबलं.

ट्रेचं तर सरळ चूक. एका टोकाला अर्थ केलेली शील्ड चुंबकीय क्षेत्र फारसं अडवत नाही. तिथे वायरचा पीळ आणि अंतर कामी येतं. पॉवर केबलपासून 200-300 मिलिमीटर सोडा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

कॉइलबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. 24 व्होल्ट डीसी रिले सुटताना कॉइल शेकडो व्होल्टचा झटका मारते. तिच्यावर उलटा डायोड टाकला की शांत. कॉन्टॅक्टरच्या एसी कॉइलवर मात्र तोच डायोड लावाल तर फ्यूज उडेल, तिथे आरसी स्नबर, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी.